पंधरा मिनिटंवाला

जेवताना फोन ताटाशेजारी ठेवलेला मला खपत नाही, आणि हे मी आमच्या सूनबाईला शंभरदा तरी सांगितलं असेल. ती "हो आई" म्हणायची आणि फोन ताटाच्या उजवीकडून उचलून डावीकडे ठेवायची. एवढीच तिची सुधारणा. दर पंधरा मिनिटांनी तो टिंग करायचा. घास हातात, तोंड उघडं, आणि नजर तिकडे. वाचायची, मान हलवायची, मग घास तोंडात.

आधी मी कानाडोळा केला. माझा मुलगा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. तिने मोठ्या हॉस्पिटलात, कॉम्प्युटरच्या विभागात नोकरी धरली. कामाच्या बाईला फोन येणारच. पण एका संध्याकाळी टिंग झालं, तिने वाचलं… आणि ती हसली. मोठ्याने नाही. ओठांच्या एका कोपऱ्यात, चोरून. तो कोपरा मी सहा वर्षांत हललेला पाहिला नव्हता.

"कोणाचा गं?"

"कामाचा, आई."

"काम हसवतं वाटतं हल्ली."

ती पाणी आणायला उठली. पाण्याचा जग टेबलावर भरलेलाच होता.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. ती आंघोळीला गेली की मी फोनजवळ घुटमळायची. मी दोनच यत्ता शिकले, पण अक्षराला अक्षर लावून मला वाचता येतं, आणि आकडे तर एकदा पाहिले की डोक्यात बसतात. टिंग झालं की काचेवर मजकूर आपोआप उमटायचा. पहिल्यांदा वाचला तो असा: "सगळं ठीक. जर्नल चालू. आकडा ७१,४०६." पंधरा मिनिटांनी पुन्हा: "सगळं ठीक. जर्नल चालू. आकडा ७१,४३८."

प्रेमाचं एक अक्षर नाही. हा कसला माणूस, दर पंधरा मिनिटांनी दाराशी येतो, तेच सांगतो आणि निघून जातो? मी मनातल्या मनात त्याचं नाव पंधरा मिनिटंवाला ठेवलं.

एका रविवारी कपड्यांच्या घड्या घालताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे जर्नल म्हणजे काय असतं?"

"तुम्ही कुठे ऐकलंत?"

"फोनवर बोलत होतीस ना परवा."

तिने टॉवेल मांडीवर ठेवला. कामाचं विचारलं की ही मुलगी खुलते. "आमच्याकडे रक्तपेढीची सगळी माहिती मशीनमध्ये असते. कोणती पिशवी कोणाची, कोणत्या गटाची, कोणत्या वॉर्डात गेली. ती झाली मुख्य वही. त्या वहीत काहीही बदलायचं असलं, तर मशीन ते आधी दुसऱ्या वहीत लिहितं. काय बदललं, कोणी, किती वाजता. ती दुसरी वही म्हणजे जर्नल. उद्या मुख्य वही बिघडली, तर जर्नल वाचत वाचत सगळं पुन्हा उभं करता येतं."

"म्हणजे समोरच्या इमारतीतली खिडकीतली बाई. कोण आलं, कोण गेलं, सगळं तिला ठाऊक."

"अगदी तशीच," ती हसली. "पण ती बाई खिडकीत बसली आहे की झोपली आहे, हेही कोणीतरी बघायला हवं ना? म्हणून एक स्क्रिप्ट लावली आहे. लिहून ठेवलेला हुकूम म्हणा. दर पंधरा मिनिटांनी मशीन आपणच तो पाळतं. जर्नल चालू आहे का विचारतं, किती नोंदी झाल्या त्याचा आकडा घेतं, आणि मला कळवतं. माणूस लागत नाही त्याला."

"हुकूम लिहिला कोणी? तो तर माणूसच असेल."

तिने टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा तशीच घडी घातली. "आहेत एक… नवीन आलेले इंजिनिअर."

मग मी तो विषय हळूहळू सोलून काढला. पहिली भेट म्हणे त्याच्या पायांशीच झाली. ही मशीनच्या खोलीत गेली, तर टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. एक मोजा निळा, दुसरा काळा. हिला वाटलं, वायरमन.

"ती पिवळी वायर ओढू नका," हिने पायांना सांगितलं. "अर्ध्या हॉस्पिटलचा जीव तिच्यावर आहे."

"आणि उरलेल्या अर्ध्याचा?" पायांनी विचारलं.

"उरलेल्याचा माझ्यावर."

"मग तुम्ही जरा टॉर्च धरा," पाय म्हणाले. "सगळं हॉस्पिटल एकाच जागी बरं."

हिने दहा मिनिटं टॉर्च धरला. तो बाहेर आला तेव्हा केसांत कोळिष्टक आणि गळ्यात नव्या इंजिनिअरचं ओळखपत्र. हे सांगताना सूनबाईने सहा रुमालांच्या घड्या घातल्या, आणि घरात रुमाल चारच आहेत.

आता ऐकून भागणार नव्हतं. मला तो बघायचा होता. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, त्याची तपासणी करायचीच होती. ती मी ठरल्या दिवसाच्या आठवडाभर आधी, सुनेला न सांगता उरकायला गेले. डोळ्यांत औषध घालून नर्सने मला बाकावर बसवलं. बाक खांबामागे, आणि खांबापलीकडे मशीनच्या खोलीचं दार. नशीब म्हणा. थोडं नर्सला मी सुचवलंही होतं.

दार उघडलं तशी गार हवेची झुळूक पायांवर आली. दोघं कागदी कपात चहा घेऊन बाहेर आले. मला औषधाने नुसते रंग दिसत होते. हिचा हिरवा कुर्ता, आणि शेजारी एक उंच, करडा स्वेटर. पण कानांत औषध घातलेलं नव्हतं.

"तुमच्या स्क्रिप्टची एक तक्रार आहे," हिचा आवाज.

"सांगा."

"दर पंधरा मिनिटांनी तेच तेच."

"दहा मिनिटांनी करू?"

"तेच तेच, म्हटलं मी."

"मग… वेगळं काही लिहू?"

"तो मेसेज सगळ्या विभागाला जातो."

"तुमच्या एकटीला वेगळा जाईल, एवढं येतं मला." करडा स्वेटर जरा हिच्याकडे वळला. "संध्याकाळी सहाचा. फक्त सहाचा. चालेल?"

"मी नाही म्हटलं तर?"

"तर फक्त आकडा येईल. आकड्याला काही वाईट वाटत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मी काय… मीच लिहिलाय तो."

चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. मग ही म्हणाली, "सहाला मी बसमध्ये असते. बसमध्ये वाचायला काहीच नसतं."

मी खांबामागे बसून गुडघ्यावर हात मारला. बरी निघाली की.

त्यानंतर सहाचा मेसेज हे माझं व्यसन झालं. ती घरी आली की फोन उघडाच टाकून हातपाय धुवायला जायची, तेवढ्यात मी वाचून घ्यायची. "सगळं ठीक. जर्नल चालू. आकडा ७९,००२. आज पावसात छत्री असून उघडली नाहीत. का?" दुसऱ्या दिवशी, "…आकडा ७९,९५०. जिन्यात कोण गुणगुणत होतं ते जर्नलमध्ये सापडत नाही. चौकशी चालू." आणि एकदा नुसतंच, "…आज तुम्ही रजेवर. मशीन ठीक. बाकी सांगता येत नाही."

मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. सहा वर्षं या घरात भाजी काय करायची याच्यापुढे बोलणं जात नव्हतं. आता सून जिन्यात गुणगुणते हे मला परक्या माणसाकडून कळत होतं, आणि उद्या काय कळेल याची मी भूक लागल्यासारखी वाट बघत होते.

मग एका सोमवारी सहाचा मेसेज लांब आला. मला वाचायला वेळ लागला. दोन तासांच्या रस्त्यावर दुसऱ्या गावात नवं हॉस्पिटल होतंय. तिथलं सगळं काम उभं करायला त्याला बोलावलंय. जागा दोन आहेत. शनिवारपर्यंत कळवायचं आहे. शेवटची ओळ होती, "दुसऱ्या जागेसाठी मी एकच नाव सुचवलंय. पण मला ते फक्त त्या जागेसाठी नकोय."

मी फोन होता तसा ठेवला. मी खोटं सांगणार नाही, मला नुसता आनंदच झाला असं नाही. ती गेली तर या घरात भांड्याचा आवाज फक्त माझा. तरीही मी सूनबाईकडे डोळे लावून बसले. सोमवार गेला, मंगळवार गेला. ती जेवेना धड. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, मी ठीक आहे." हे वाक्य ती सहा वर्षं म्हणते आहे, त्याच सुरात.

गुरुवारी दारावर कुरिअरवाला आला, आणि ती फोन उघडाच टाकून सही करायला गेली. तिने त्याला लिहिलं होतं. मी वाचलं: "सासूबाई एकट्या आहेत. त्यांना सोडून येणं मला जमणार नाही. कृपया पुन्हा विचारू नका."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला विचारलं होतं कोणी? पण बोलू कशी? बोलले, तर फोन वाचते हे बाहेर पडणार. आयुष्यभर लोकांच्या चोऱ्या पकडल्या मी, आणि आता स्वतःच दाताखाली जीभ धरून बसले.

शुक्रवारी सूनबाईला ताप भरला. रजा घेतली, गोळी घेतली आणि दुपारी गाढ झोपली. फोन बाहेर टेबलावर. दोनला टिंग झालं. "सगळं ठीक. जर्नल चालू. आकडा ८८,१४०." मी वाचून मटार सोलायला बसले. सव्वादोनला टिंग. "सगळं ठीक. जर्नल चालू. आकडा ८८,१४०."

मी चष्मा पुसला. दुपारी हा आकडा पंधरा मिनिटांत तीस-चाळीसने पुढे जातो. जेवणाच्या वेळी थोडा मंदावतो. पण थांबलेला मी एकदाही पाहिला नव्हता. लोक काय आजारी पडायचे थांबले? अडीचला पुन्हा तेच. ८८,१४०.

उठवावं तर विचारेल, तुम्हाला आकडे कसे ठाऊक. मी एक मेसेज आणखी वाट बघायची ठरवलं. पंधरा मिनिटं मी माझी अब्रू सांभाळत बसले आणि तिकडे रक्ताच्या पिशव्या इकडून तिकडे जात होत्या. पावणेतीनला टिंग झालं. ८८,१४०. मी मटार बाजूला सारले आणि आत जाऊन तिला हलवलं.

"ऊठ. आकडा हलत नाहीये."

"कसला आकडा?" ती झोपेत.

"जर्नलचा. दोन वाजल्यापासून ८८,१४०. तोंडाने चालू म्हणतंय, पण चालू नाही ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मी विसरणार नाही. मग तिने बाहेर येऊन फोन घेतला, आवाज मोठा ठेवला आणि त्याला लावला.

"तुम्ही आजारी आहात ना?" तिकडून तो. "मी विचारणार नव्हतो, तुम्ही नको म्हणालात म्हणून—"

"आकडा बघा."

"चालू आहे की. आत्ताच आला मेसेज."

"मेसेज नको. आकडा बघा."

बटणांचा खडखडाट झाला.  मग अगदी हळू आवाजात, "मशीनमधली जागा भरली आहे. जर्नल पावणेदोनलाच थांबलंय. स्क्रिप्टला नवं उत्तर उतरवायलाही जागा नाही, म्हणून ती मघाचंच उत्तर पुन्हा पुन्हा वाचतेय."

"आणि मघाच्या उत्तरात 'चालू' लिहिलंय."

"मी तेवढा एकच शब्द तपासत होतो," तो म्हणाला. "उत्तर ताजं आहे की शिळं, हे बघितलंच नाही."

"रडू नका. मशीन बंद करायचं नाही. बंद पडलं तर हा तास कुठेच लिहिलेला नाही. आधी जुनी जर्नलं दुसऱ्या डिस्कवर हलवा, मग जर्नल चालू करा, मग सगळ्याची पूर्ण प्रत घ्या. मी फोनवर आहे."

अंगात ताप, केस विस्कटलेले, खांद्यावर चादर, आणि ती हुकूम सोडत होती. तिचं काम मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, इतके दिवस मी भलत्याच मेसेजवर नजर ठेवून होते. बघण्यासारखं हे होतं.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी तो म्हणाला, "८८,१४१."

आम्ही दोघींनी श्वास सोडला. पलीकडे त्यानेही सोडला असावा.

"तुमच्या लक्षात कसं आलं?" त्याने विचारलं. "तुम्ही तर झोपला होता."

"सासूबाईंनी पाहिलं."

"त्या… मेसेज वाचतात?"

"सगळे," मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं. "सहाचेही."

 सूनबाईने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

साडेसहाला दारात तोच उभा. करडा स्वेटर, हातात संत्र्यांची पिशवी. औषधाशिवाय पाहिला तर चेहरा बरा होता. थकलेला, पण नजर चुकवणारा नव्हता. मोजे आज दोन्ही काळे.

"काकू, आभार मानायला आलोय. आता स्क्रिप्ट आधीच्या आकड्याशी ताडून बघते. आकडा थांबला, उत्तर शिळं निघालं किंवा मेसेजच आला नाही, तरी ओरडते."

"बस. वय काय तुझं?"

"सदतीस."

"लग्न?"

"राहून गेलं."

"छत्री राहून जाते. लग्न कसं राहून जातं?"

"आई," सूनबाई दारातून म्हणाली.

"तू गप्प. तुझ्याकडे मी येतेच आहे." मी त्याच्याकडे वळले. "उद्या शनिवार. काय कळवणार आहेस?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. "एकट्याचं कळवतो, काकू. त्यांनी उत्तर दिलंय. ते मी मानलंय."

"त्या उत्तरात माझं नाव आहे. मला न विचारता घातलंय."

"तुमचा डोळा, तुमचे गुडघे…" सूनबाईचा आवाज बसलेला होता. "तुम्ही एकट्या पडाल."

"डोळा माझा, गुडघे माझे. समोर माझी बहीण राहते, तिला माझ्याशी भांडायला रोज यायचंच असतं. दोन तासांचा रस्ता आहे, समुद्रापार नाही."

"तुम्हीही चला ना आमच्याबरोबर," तो म्हणाला. "म्हणजे… त्या आल्या तर."

"तुला विचारलं कोणी? माझं घर मला पुरेसं आहे."

तो उठला. "मी निघतो. माझ्यामुळे घरात—"  बाहेर जाऊन बूट घालायला वाकला.

मी सूनबाईचा हात धरला. तापलेला होता. "तो आवडत नाही म्हण. मी आत्ता त्याला संत्र्यांसकट परत पाठवते. म्हण."

ती संत्र्यांच्या पिशवीकडे बघत राहिली.

"म्हणता येत नाही ना?"

"तसं नाही, आई…" तिचे डोळे भरले. "मला काय आवडतं, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारलंच नाही. आता विचारायची भीती वाटते. तुमचं नाव सांगितलं की विचारावं लागत नाही."

इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलली. मी तिचा हात सोडला.

ती दारापर्यंत गेली. तो एक बूट घालून दुसऱ्याची नाडी सोडवत होता. बहुधा मुद्दाम, नाहीतर एका नाडीला इतका वेळ लागत नाही.

"दोघांचं कळवा," ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

"लगेच नाही येणार. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की येईन. आणि दर रविवारी मी इथे असेन, ते आधीच सांगते."

"रविवारी मलाही काही काम नसतं," तो म्हणाला. मग सावकाश उभा राहिला, एक बूट पायात, एक हातात. "त्या दुसऱ्या जागेसाठी येणार… की…"

"की," ती म्हणाली.

एवढंच. पण त्या एका अक्षरावर तो असा हसला की हातातला बूट खाली पडला, आणि तो उचलायला दोघंही एकदम वाकले. डोक्याला डोकं लागलं. तिने कपाळ चोळत मागे वळून माझ्याकडे पाहिलं. हसते आहे की रडते आहे ते तिचं तिलाही कळत नसावं. मी काय म्हणते, याची वाट बघत ती उंबऱ्यात उभी राहिली.

"माणूस म्हणून तू चांगली आहेस," मी म्हटलं, "पण फार उशीर लावतेस. स्वेटर घाल, त्याला खालपर्यंत सोडून ये, आणि वर यायची घाई करू नकोस."